मूठभरने घोडी का थांबवली

जॉकी अंगाने बेताचाच असतो, पण मूठभर त्यातही बेताचा होता. त्याची थोरली बहीण मात्र दाराच्या चौकटीत मावेना. सकाळी सकाळी ती मावशींकडे आली, तेव्हा भावाला तिने बाजाराच्या पिशवीसारखं एका हातात धरून आणलं होतं.

“विकला गेला म्हणतात याला,” ताई खुर्चीत बसता बसता म्हणाली. खुर्चीनेही दुजोऱ्याचा आवाज केला. “सगळा जन्म घोड्यावर गेला याचा. आज दुपारी कमिटी बसणार आणि लायसन काढून घेणार. कायमचं.”

“लायसन जाऊ दे गं,” मूठभर खाली बघत म्हणाला. “पण विकला गेला म्हणतात.”

मावशींच्या दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी होती. त्यांचं आधीचं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं. लोकांचं ऐकायची सवय तिथलीच. निवृत्तीनंतर त्याची फी घ्यायला लागल्या, इतकंच. हाताखाली त्यांचे जावई होते. जावयांना गाडी चालवता येत होती आणि नाही म्हणता येत नव्हतं. या दोन गुणांवर त्यांची नेमणूक झाली होती.

“शनिवारी काय झालं?” मावशींनी विचारलं.

“मोठी शर्यत होती. माझी घोडी सगळ्यांच्या पुढे. शेवटचं वळण आलं, बंद स्टँडच्या बाजूचं. तिथे भोंगा झाला. मी लगाम ओढला.”

“कसला भोंगा?”

“शर्यत रद्दचा. तो झाला की घोडा जागेवर थांबवायचा. मी थांबवला. बाकीचे भुर्रकन पुढे. आता सगळे म्हणतात, भोंगा झालाच नाही.”

“नव्हताच झाला!” जावई म्हणाले. “मी बघत होतो ना, ऑफिसात, मोबाईलवर. आवाज अगदी बारीक ठेवला होता, पण लोकांचा जल्लोष काय सांगू, आई! घोडी थांबली तरी लोक खुशीत ओरडतच होते.”

“पैसे कुणावर लागले होते लोकांचे?”

“याच घोडीवर. सगळ्यांचे. माझेसुद्धा.” समोर बसलेली बाई आपल्या बायकोची आई आहे, हे जावयांना वाक्य संपल्यावर आठवलं.

मावशींनी ते वाक्य दोन वेगवेगळ्या कामांसाठी लक्षात ठेवलं.

“घोडीला काही खायला-बियला घातलं होतं?”

“डॉक्टरने तपासली,” ताई म्हणाली. “ठणठणीत आहे. मेलं त्या भोंग्यानेच याचं वाटोळं केलंय. पूर्वी एकदा मोठी शर्यत रद्द झाली, भोंगा झाला, आणि याला ऐकूच आला नाही. सगळे थांबले आणि हा एकटाच पहिला आला! लोक पोट धरून हसले. कमिटीने अख्खा हंगाम घरी बसवलं. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी हातातला घास खाली ठेवतो.”

“ताई!”

“ठेवतोस की नाही?”

“आणि तो भोंगा कुठाय आता?” मावशींनी विचारलं.

“त्याच दिवशी दंगल झाली. लोकांनी भोंगाच उपटून नेला. मग कमिटीने लाल दिवे बसवले. आता थांबायचं असलं की दिवे लागतात.”

मावशी उठल्या. “जावईबापू, गाडी काढा. तुमच्या पैशांबद्दल आपण वाटेत बोलू.”

जावयांनी त्या दिवशी गाडी फार जोरात चालवली. बोलायला वेळ मिळू नये म्हणून.

रेसकोर्सच्या तिकीट खिडकीवर ‘शेजारच्या खिडकीत चौकशी करा’ असं लिहिलं होतं. शेजारी भिंत होती. आत मोठ्या स्टँडमध्ये ओळीने खुर्च्या आणि खुर्च्यांवर ओळीने कबुतरं. ‘प्रेक्षकवाढ उपसमिती’ अशी पाटी असलेल्या खोलीला कुलूप होतं. बैठकीला पुरेसे सभासद जमत नाहीत म्हणून ती खोली बंद असते, असं शिपायाने सांगितलं.

सेक्रेटरीसाहेबांची खोली मात्र चालू होती. गार हवा, काचेचं टेबल. भिंतीवर एक भलामोठा फोटो: मुंग्यांसारखी माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी, हात वर, आणि मधोमध एक खुर्ची हवेत.

“उत्साह बघा लोकांचा!” साहेब कौतुकाने म्हणाले. “आमच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गर्दी. त्या दिवसाचं जे जे आहे ते आम्ही जपून ठेवलंय.”

“खुर्ची उडते आहे,” जावई म्हणाले.

“उत्साहच तसा होता.”

“आणि हल्ली?” मावशींनी विचारलं.

“हल्लीही उत्तम. गर्दी नाही म्हणणारे निंदक आहेत. टीव्हीवर ऐका, नुसता जल्लोष! त्या जोरावर तर जाहिराती टिकून आहेत आपल्या.”

“शनिवारची चित्रफीत बघायला मिळेल?”

साहेबांनी लगेच लावली. घोडी पुढे, वळण, घोडी थांबली. सगळं मुकं.

“आवाज?”

“तांत्रिक बिघाड. आवाज काढून टाकावा लागला. चित्र स्वच्छ आहे ना? थांबवताना दिसतोय ना तो? झालं तर मग.”

कॉमेंटेटर वरच्या काचेच्या खोलीत होता. गळ्याला मफलर, तोंडात खडीसाखर, समोर माईक आणि बटणांची एक जुनी पेटी. त्याने कानाला लावायची टोपणं काढली आणि वाकून नमस्कार केला.

“शनिवारी भोंगा ऐकलात?”

“मला माझाच आवाज ऐकू येतो हो, ही टोपणं असतात ना.” तो हसला. “पण पब्लिक आमचं गुणी आहे. मी बोलत असतो तोवर जरा दबून. मी श्वास घेतला की बरोब्बर ओरडतात!”

“दरवेळी?”

“दरवेळी. शनिवारी तर मोठी शर्यत. साहेब म्हणाले, आज जरा सढळ हाताने...”

तो थांबला.

“काय सढळ हाताने?”

“बोला,” कॉमेंटेटर म्हणाला. “सढळ हाताने बोला, म्हणाले.” आणि त्याने आणखी दोन खडे तोंडात टाकले, म्हणजे बोलायची सोयच राहू नये.

खाली चहावाला एकटाच किटली पुसत बसला होता.

“शनिवारी धंदा जोरात झाला असेल?” मावशींनी मोठ्याने विचारलं, कारण तो कानाने कमी होता.

“एक किटली खपली. त्यातली अर्धी मी प्यालो. इथे येणारी माणसं माझ्या वयाची, बाई. सावलीला येतात. चहा घेतात आणि झोपतात.”

“ओरडत नाहीत?”

“कशाला ओरडतील? घरी ओरडणारी आहेत म्हणून तर इथे येतात.”

शनिवारी जिंकलेला तरुण जॉकी तबेल्याबाहेर आरशात केस विंचरत होता. जिंकल्यापासून त्याने दुसरं काही केलं नसावं.

“मी हल्लीच आलोय या धंद्यात. आम्हाला दिवे शिकवलेत, दिवे काही लागले नाहीत,” तो म्हणाला. “भोंगा-बिंगा मी जन्मात ऐकला नाही. वळणावर गोंगाट होता, एवढंच. हां, एक ट्रक बोंबलल्यासारखं झालं मध्येच. रस्त्यावर असेल.”

“त्या बाजूला रस्ता आहे?”

तरुणाने वळणाकडे पाहिलं. तिथे फक्त बंद पडलेला जुना स्टँड होता. जिन्याला काटेरी तार, छपराला दोन करडे लाऊडस्पीकर. त्यामागे तळं.

“नाही,” तो म्हणाला आणि पुन्हा केसांकडे वळला.

परत येताना जावई हळूच म्हणाले, “आई, मला वाटतं हाच. जिंकला कोण? हा. फायदा कुणाचा? याचा. ट्रकची थाप कुणी मारली? यानेच.”

“जावईबापू, थाप मारायची असती तर त्याने रस्ता असलेली बाजू निवडली असती. मला एक सांगा. तुमची घोडी वळणावर थांबली तेव्हा तुम्ही ओरडलात?”

“ओरडतोय कसला! दातखीळ बसली माझी.”

“मग तुमच्यासारखेच हरलेले लोक मैदानात कशाचा आनंद करत होते?”

जावयांनी फाटकापर्यंत आणि फाटकापासून परत येईपर्यंत विचार केला. मग त्यांनी तो सोडून दिला.

दुपारी कमिटी बसली. अध्यक्ष मधल्या खुर्चीत होते आणि बहुतेक जागे होते. बाजूला दोन सभासद, एका टोकाला सेक्रेटरी. मूठभरने बूट दाराशी काढले होते. मोज्यांवर उभा असल्यामुळे तो आणखीच लहान दिसत होता. ताई त्याच्या मागे भिंतीसारखी उभी होती.

मुकी चित्रफीत दाखवून झाली.

“स्पष्ट आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “लगाम ओढताना दिसतोय. भोंगा नव्हताच. माणूस विकला गेला. पुढचा विषय घ्यावा, कॅन्टीनच्या पडद्यांचा.”

मावशींनी जावयांच्या कानात काहीतरी सांगितलं. जावई बाहेर गेले.

“पडद्यांआधी दोन शब्द,” मावशी म्हणाल्या. “साहेब, तुमच्याकडे गर्दी नाही.”

“हा अपमान आहे!”

“हा चहावाल्याचा हिशोब आहे. त्याची एक किटली खपते आणि टीव्हीवर मात्र मैदान दुमदुमतं. कॉमेंटेटरने श्वास घेतला की लोक ओरडतात. इतकी शिस्त खऱ्या माणसांत मी पाहिलेली नाही. आणि सगळ्यांच्या पैशाची घोडी थांबते, तरी लोक आनंदाने ओरडतात. त्यांना शर्यत दिसतच नव्हती, साहेब. कारण ते तिथे नव्हते. तो ओरडा बटणातून येतो. खोटा.”

अध्यक्षांनी डोळे उघडले. “खोटा? सेक्रेटरी, गर्दी खोटी आहे?”

“म्हणजे... पूरक आहे,” सेक्रेटरी म्हणाले.

“ती आणली कुठून, हा खरा प्रश्न,” मावशी पुढे म्हणाल्या. “ओरडा हवा, तर सगळ्यात मोठ्या गर्दीचा हवा. ती गर्दी साहेबांच्या भिंतीवर आहे. त्या दिवसाचं जे जे आहे ते जपून ठेवलंय, असं ते स्वतःच म्हणाले. फक्त ती गर्दी कशासाठी जमली होती, हे विसरले. त्या फोटोत खुर्ची उडते आहे. लोक आनंदाने खुर्च्या फेकत नाहीत. तो शर्यत रद्द झाल्याचा दिवस. दंगलीचा. आणि त्या दिवशी मैदानात आणखी एक आवाज झाला होता.”

“भोंगा,” मूठभर पुटपुटला.

“रोज दोन-चार क्षण ओरडा लावायचे, तो चालून जायचा. शनिवारी मोठी शर्यत. हुकूम झाला, सढळ हाताने. ओरडा लांबला आणि भोंग्यापर्यंत पोचला, नेमका बंद स्टँडवरच्या स्पीकरमधून. ऐकला सगळ्यांनी. पोरांना तो ट्रक वाटला, कारण भोंगा गेल्यावर ती या धंद्यात आली. ओळखला एकानेच. त्याने तो एकदा ऐकला नव्हता आणि त्यासाठी हंगामभर घरी बसला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, साहेब. याने लगाम ओढला.”

“कल्पना छान आहे,” सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले. खोली गार होती. “पुरावा?”

“चित्रफितीतला आवाज तुम्ही काढलात. म्हणजे तो कुणीतरी आधी ऐकला होता. पण मूळ ओरडा तुम्ही पुसला नसणार. पुढच्या शनिवारी गर्दी कुठून आणाल? म्हणून मी जावयांना वर पाठवलंय. एकच निरोप देऊन: साहेबांनी सांगितलंय, शनिवारचं लावा, पूर्ण लावा. तुमच्या संस्थेत निरोप खरा की खोटा, हे कुणी विचारत नाही, असं दिसतं.”

सेक्रेटरी उठले. तेवढ्यात मैदान गरजलं.

रिकाम्या मैदानावरून हजारो माणसांचा आवाज खिडकीतून आत आला. कबुतरं एकदम उडाली. वर कॉमेंट्री नसल्यामुळे आज पहिल्यांदाच शब्दही कळत होते.

“चोर! चोर! कमिटी चोर!”

अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं. एका सभासदाने नकळत हात जोडले.

मग ओरड्यातून भोंगा निघाला. लांब, घोगरा, खालून वर चढत जाणारा.

मूठभरचे दोन्ही हात छातीशी आले होते. मुठी आवळलेल्या, कोपरं मागे, अंग मागे रेललेलं. मोज्यांवर उभ्या उभ्या त्याने हवेतला लगाम ओढला होता. स्वतःचे हात बघून तोच दचकला.

दाराशी परत आलेले जावई म्हणाले, “हुबेहूब! मोबाईलवर असंच थांबवताना दिसला होता!”

“तुम्हाला माहीत होतं?” अध्यक्षांनी सेक्रेटरींना विचारलं. “हा माणूस निर्दोष आहे, हे?”

“शनिवारी रात्री कळलं. पण सर, गर्दी खोटी आहे असं बाहेर गेलं असतं तर जाहिराती गेल्या असत्या. एक जॉकी गेला तर... जॉकी मिळतात.”

ताई एक पाऊल पुढे आली. सेक्रेटरी दोन पावलं मागे गेले, आणि त्यांचा राजीनामा तिथेच तोंडी घेण्यात आला.

“लायसन राहिलं,” अध्यक्ष मूठभरला म्हणाले. “नाव साफ झालं. आता घरातली गोष्ट घरातच ठेवू या, काय?”

“घरातच?” ताई म्हणाली. “शनिवारी तुमचा माणूस माईकवरून बोंबलला, घोडी मुद्दाम थांबवली म्हणून. जगाला ऐकवलंत. आता हेही माईकवरून सांगा. आत्ता.”

“पण बाई, आत्ता मैदानात कुणीच नाही!”

“मग तुम्हाला लाज कुणाची वाटतेय?”

अध्यक्षांनी कागद मागवला.

सगळे खाली कठड्याशी येऊन उभे राहिले. समोर लांबच लांब हिरवळ, मागे रिकाम्या खुर्च्या. वरून कॉमेंटेटरचा घसा साफ झाल्याचा आवाज आला, आणि मग त्याने वाचलं, अडखळत, पण पूर्ण. शनिवारी जॉकीने घोडी थांबवली ती नियमानेच. भोंगा झाला होता. चूक संस्थेची. तो विकला गेलेला नाही.

तळ्यावरून तेच शब्द एकदा परत आले.

ताईने टाळी वाजवली. तिच्या हातांची टाळी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मग मावशींनी वाजवली, मग जावयांनी, पैसे बुडालेले असूनही. चहावाल्याने “काय झालं, काय झालं?” असं विचारत किटली खाली ठेवली आणि उत्तराची वाट न बघता तोही सामील झाला.

मूठभर कठडा धरून उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने ताईचा पदर ओढला.

“ताई, अजून एकदा वाचायला सांग ना त्यांना,” तो म्हणाला. “टाळ्यांमुळे शेवटचं नीट ऐकू नाही आलं.”