उशीर समज

“लाईटवाल्यात जीव गुंतवू नको गं बाई,” धुरपताआत्या म्हणाली होती. “आभाळ भरून आलं की तो घरचा राहत न्हाई.”

ज्योत्स्नानं हसून ते कानाआड केलं. आत्याचे यजमान किशनराव उभी हयात लाईनमन होते आणि धडधाकट निवृत्त झाले होते. तरी वारा सुटला की आत्या अजून दारात येऊन रस्त्याकडं बघत उभी राहायची… आणि किशनराव मागं खाटेवर बसून पेपर वाचत असायचे!

पण जीव काय सांगून गुंततो? ज्योत्स्नाचा गुंतला तो एका छत्रीमुळं.

ज्योत्स्ना भोकरची. नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या बालवाडीत शिकवायची. पोरांना गंमत म्हणून तिनं आपल्या काळ्या छत्रीवर पांढऱ्या रंगानं टिपूस काढला होता. टिपूस म्हणजे तिच्या लहानपणच्या कार्टूनमधलं ढगाचं पिल्लू, ज्याला काही केल्या बरसताच यायचं नाही. श्रावणातली भुरभुर चालू होती. ती शाळेतून निघाली आणि थेट आभाळातूनच हाक आली—

“ओ टिपूसवाल्या मॅडम!”

तिनं छत्री मागं सारून वर बघितलं. विजेच्या खांबावर पिवळी टोपी, आणि टोपीखाली नुसतं हसू.

“छत्री कुणी वरून बघतं का?”

“आम्ही सगळं वरूनच बघतो. कुणाच्या पत्र्यावर चेंडू हाय, कुणाच्या पत्र्यावर चप्पल. टिपूस मात्र आज पहिल्यांदाच बघून राहिलो.”

तो खाली उतरला. नाव आनंदराज, गाव हदगाव. हातमोजे काढता काढता त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा—

“शेवटचा भाग बघितला होता का हो?”

“अर्धाच,” ती हळहळली. “साडेदहाला भोकरची लाईट गेली.”

“साडेदहाला?” त्याचा एक हातमोजा हातातच राहिला. “साडेदहाला तर आमच्या हदगावची आली! मी मागचा अर्धा बघितला, मॅडम.”

दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. तेव्हाचं भारनियमन ते… एका गावाची गेली की दुसऱ्याची यायची. जुने भाग पुढं कुठंच मिळाले नाहीत, इंटरनेटवरसुद्धा नाही. पंधरा वर्षं तिच्याजवळ एक अर्धा होता, त्याच्याजवळ दुसरा.

“टिपूस डोंगरापलीकडं निघतो,” ती सांगू लागली. “म्हातारा बगळा त्याला विचारतो, ‘तू आलाच नाहीस तर मी काय समजू?’ आणि टीव्ही काळा!”

“अन् माझा टीव्ही लागला तो टिपूसच्या उत्तरावर.”

“काय म्हणाला तो? सांगा ना!”

“असं रस्त्यावर न्हाई सांगत.” त्याचे डोळे मिश्कील झाले. “मार्चात टिपूसचा पिक्चर येऊन राहिला. जिथं सोडलं तिथून पुढं. तिथं शेजारी बसून सांगतो.”

“नांदेडातल्या सगळ्या लाईनमनांशेजारी बसू का मी?”

“सगळ्यांनी कुठं मागचा अर्धा बघितलाय?”

ती निघाली तेव्हा छत्री मिटलेली होती आणि पाऊस चालूच होता. तिच्या ते कोपऱ्यावर लक्षात आलं.

मग दिवस पिक्चरकडं तोंड करून चालू लागले. पोस्टर आलं, झलक आली. तिनं ती अकरा वेळा बघितली, त्यानं चौदा. बालवाडीच्या फळ्यावर रोज एक आकडा कमी व्हायचा. दोघांत नियम एकच, आत्याच्या घरातून आलेला : खांबावरच्या माणसाला फोन करायचा नाही. दचकला तर? काम झालं की त्याचाच मेसेज यायचा, एका शब्दाचा. “उतरलो.” प्रेमपत्र असं असतं का? तिला कळत नव्हतं. पण तो शब्द येईपर्यंत तिला घास गोड लागत नव्हता, एवढं खरं.

आणि तो रविवार उजाडला. बाराचा खेळ. दहालाच विष्णुपुरीकडून काळं आभाळ चालून आलं, वारा घोंगावला, बोराएवढ्या गारा पडल्या. गावाची लाईट गेली. त्याचा मेसेज आला : “चढून राहिलो. येतो.”

त्यानंतर काहीच नाही. अकरा. साडेअकरा.

थिएटरच्या रांगेत पुढचा माणूस बायकोला म्हणाला, “लाईनमन पडला म्हणे आज खांबावरून.”

ज्योत्स्नानं फोन काढला. बोट त्याच्या नंबरावर गेलं… थांबलं. तो अजून वर असेल तर? तिनं आत्याला लावला. “आत्या, लाईनमन पडला म्हणे… आणि त्याचा मेसेज नाही.”

“पडलेल्याचीच बातमी होते गं पोरी,” आत्या म्हणाली. “उतरलेल्याची कोण सांगतंय? आत जा. त्याची जागा धरून बस.”

थिएटर जनरेटरवर चालू होतं. शेजारच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली. पडदा उजळला, आणि पिक्चर जुन्या शेवटच्या भागाची आठवण देत नेमका तिथूनच सुरू झाला. तोच डोंगर, तोच म्हातारा बगळा.

“तू आलाच नाहीस तर मी काय समजू?”

टिपूसनं मागं वळून बघितलं.

“उशीर समज.”

दोनच शब्द. ज्योत्स्नानं ओढणी तोंडाशी धरली. हसू आणि रडू एकदमच आलं. उशीर समज… समजते रे. पण ये.

अर्ध्या तासानं पर्समध्ये उजेड पडला. “उतरलो.” आणि मध्यंतराच्या जरा आधी चिखलाचे बूट वाटेत करकरले. त्यानं पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि बसला.

“तो… पडलेला?”

“आमचा उमाशंकर. शिडीवरून घसरला, घोटा मुरगळला. दवाखान्यात चहा पिऊन राहिला. माझा फोन गाडीतच राहिला होता.” 

“मी उशीर समजले,” ती म्हणाली.

तो पडद्याकडं बघून खट्टू झाला. “उत्तर ऐकलं वाटतं तुम्ही? आता माझ्याजवळ सांगायला काय राहिलं?”

“एक राहिलंय. असा उशीर नेहमी होणार?”

“आभाळ आलं की होणार. खोटं कशाला सांगू?”

“आणि उतरणार?”

“दर वेळी.” मग आवाज एकदम बारीक झाला. “पण ज्योत्स्ना… खांबावरून उतरलेल्या माणसाला उतरायला एक घर लागतं. तुझ्याकडं उतरलो तर चालंल का? कायमचा?”

पोरांशी पुस्तकी बोलून बोलून जी भाषा जिभेवरून गेली होती, ती भोकरची भाषा अंधारात अलगद परत आली.

“हाव,” ती म्हणाली.

आता त्यांच्या घरात दीड वर्षांची एक टिपूस दुडदुडते. आभाळ भरलं की लेकीला कडेवर घेऊन ज्योत्स्ना दारात उभी राहते, आणि आत्या फोनवरून तिला हसते.

एवढंच एक करा. वादळानंतर तुमच्या गल्लीत लाईट येते, पोरं “आली, आली!” ओरडतात, तेव्हा पंख्याखाली लगेच बसू नका. दार उघडून त्या खांबाकडं बघा. तो अजून वर असेल तर हाक मारू नका, थांबा. पाय जमिनीला लागले की मग विचारा—

“उतरलात ना, दादा? घरी कळवलं का?”