आतून तुटलेली वायर

ट्रॅक्टरने टोचन करून आणलेल्या गाडीतून तो उतरला, तेव्हा वारा असा सुटला होता की त्याचं पहिलं वाक्य मला ऐकूच आलं नाही. दुसरं आलं.

"गाय अडलीये! मला टेकडीपलीकडे पोचायचंय, आणि ही बया सुरूच होत नाही."

तो गुरांचा डॉक्टर. मी बाबांच्या गॅरेजमध्ये वायरिंगचं काम बघते. बाबा नेमके आमची जीप घेऊन सामान आणायला गेलेले, आणि ट्रॅक्टरवाला टोचन सोडून केव्हाच पसार झालेला. म्हणजे दुसरी सोय नव्हती.

मी चावी फिरवली. दिवे लागले, पण स्टार्टर ढिम्म. गाडी ऑटोमॅटिक. गिअरचा दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगला. मीटरवर मात्र अक्षरच नाही. स्कॅनर लावला. गिअर पोझिशन सेन्सर, सर्किटमध्ये दोष.

"सेन्सर नवाच आहे," तो म्हणाला. "गेल्याच महिन्यात बदललाय."

"सर्किट म्हणजे नुसता सेन्सर नाही. प्लग आला, वायर आली… दांडा कुठे आहे ते गाडीला कळत नाहीये, म्हणून ती सुरू होत नाही. शहाणी आहे."

"मग स्टार्टरला डायरेक्ट वायर द्या ना! लोक देतात."

"देतात. मग गाडी गिअरमध्ये असली तरी सुरू होते. बाबांचा पाय तशाच गाडीखाली गेला. मी नाही देणार."

"अहो, तिकडे जीव जाईल!"

"इथेही जाऊ शकतो."

रागाने त्याचं तोंड लाल झालं. डोळे मात्र… विनवत होते. मला वाईट वाटलं. आणि स्वतःची चीडही आली — असल्या वेळी मला त्याच्या पापण्या लांब आहेत हे कशाला दिसावं!

मी चाकांना ओंडके लावले. "आत बसा. मीटर बघा. अक्षर आलं की सांगा, गेलं की सांगा. चावीला हात लावायचा नाही," असं बजावून गाडीखाली सरकले.

प्लगला करंट बरोबर येत होता. अर्थिंगही ठीक. राहिली सिग्नलची वायर. ती मी बोटांनी हळूहळू हलवत पुढे सरकू लागले.

"आलं!… गेलं!… परत आलं!"

"एवढ्या आनंदात रोज बोलता का?"

"रोज कुणी विचारत नाही," वरून आवाज आला.

मी अंधारात हसले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "ओढू नका! कुणीही ओढू नका, मी निघालोच…" आणि पाठोपाठ चावी फिरल्याचा खटका.

माझी वेणी इंजिनच्या बेल्टला टेकली होती. पण काहीच झालं नाही.

"चावी फिरवलीत? माझी वेणी बेल्टला टेकलीये!"

"'पी' दिसलं… मला वाटलं…" तो दारातून खाली वाकला. "देवा! तुम्ही खाली आहात. माफ करा. सुरू कशी नाही झाली?"

"स्टार्टरचा रिले काढून खिशात ठेवलाय मी. त्याच्याशिवाय स्टार्टरला करंटच जात नाही."

"म्हणजे भरवसा नव्हताच माझ्यावर."

"तुमच्यावर आहे. तुमच्या घाईवर नाही."

क्लॅम्पखाली वायर दबली होती. वरचं आवरण शाबूत, पण चिमटीत धरली तर मऊ लागली. आतलं तांबं तुटलं होतं. मी त्याला खाली बोलावलं. त्याने टॉर्च धरला. उजेड भलतीकडेच पडत होता. मी त्याचं मनगट धरून वळवलं, तेव्हा वायरीवर आला. नवा तुकडा सोल्डरचा डाख देऊन जोडला, वर प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवली, वायर क्लॅम्पपासून दूर बांधली. दांडा प्रत्येक जागी नेऊन पाहिला. अक्षर दर वेळी बरोबर! रिले बसवला. गाडी सुरू झाली.

"बाजूला व्हा," एवढंच म्हणून तो गेला.

मग माझा जीव थाऱ्यावर राहिना. डाख टिकेल ना? चढणीवर बंद पडली तर? बाबा आले, त्यांनी दोनदा चहा विचारला. मी दोन्ही वेळा "तेरा नंबरचा" म्हणाले. कितीचा पाना हवा असं विचारतायत, असं वाटलं मला.

दिवे लागायच्या वेळी तीच गाडी दारात थांबली. तो चिखलाने माखला होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लंगडत आत निघून गेले.

"गाय वाचली," तो म्हणाला. "वासरू… नाही."

मी तोंडातून शब्द ओढून काढले. "मी डायरेक्ट वायर दिली असती, तर?"

खोटं बोलणं त्याला सोपं होतं.

"माहीत नाही. कदाचित वाचलं असतं."

वारा पडला होता. माझे डोळे भरून आले.

"रागावून आला असाल, तर बोला. ऐकून घेईन."

"रागावलो असतो तर घरी गेलो असतो. वाटभर तुमची ती वेणी दिसत होती मला… एका जिवासाठी धावताना दुसरा घेतला असता मी." त्याने हात पुढे केला, चिखल आठवून मागे घ्यायला लागला. मी तो धरला.

"गाडी बिघडली नाही, तरी आलो तर चालेल? घाई न करता?"

एवढा वेळ मी त्याला 'अहो-जाहो' करत होते. ते आता जिभेवर येईना.

"ये," मी म्हणाले.