नावातलं कुंकू

सुप्रभाला एक खोड होती. दुसऱ्याचं काम आपलंच समजून ती सांगितल्यापेक्षा दोन पावलं जास्त करायची. जपानात, उरायासुत, हॅलवर्दी-सानांकडे ती आठवड्यातून तीनदा टायपिंगला जायची. म्हातारे अमेरिकन. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली तेव्हा त्यांचे सात पिढ्यांमागचे पूर्वज तिथले बडे मुत्सद्दी; तसबिरीतून अजूनही रागानेच बघत. त्या घराण्याची हकिकत म्हातारबुवा लिहीत होते.

"शेवटचा मीच. मूलबाळ नाही," ते हसून म्हणायचे. "हे पुरं होईपर्यंत मरायची सोय नाही मला."

२०११च्या भूकंपात अंगणातून करडी वाळू वर आली होती आणि घर एका अंगाला कललं होतं. त्याच वर्षी त्यांची बायको, साचिए, गेली.

ऑगस्टात, इथल्या पितरांच्या दिवसांत, गुडघे धरले म्हणून त्यांनी सुप्रभाला बायकोचं थडगं धुवायला पाठवलं. दगडावर दोघांची नावं. म्हाताऱ्याने आपलंही आधीच कोरून घेतलेलं, आणि तेवढंच लाल रंगवलेलं! बायकोचं मात्र कोरडं.

"अगं बाई! सवाष्ण गेली बिचारी, आणि तिलाच कुंकू नाही?"

घासताना नवऱ्याच्या नावातला रंग पोपडे धरून निघाला. तिने तो पार साफच केला. मग पर्समधली डबी काढून साचिएच्या अक्षरांत बोटाने कुंकू भरलं. हात धुतले, नमस्कार केला. फार बरं वाटलं तिला.

घरी येऊन हे तिने कौतुकाने सांगितलं. म्हाताऱ्यांचं हसू मावळलं.

"सुप्रभा-सान... इथे जिवंत माणसाचं नाव लाल ठेवतात. माणूस गेला, की रंग काढतात."

"अरे देवा! आत्ता जाते, परत भरून येते!"

"उद्या जा. आधी चहा टाका."

चहा टाकला खरा, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा गॅस बंद केला, दोनदा लावला. तेवढ्यात बाहेरून बाईचा आवाज आला, अगदी हळू...

"तादाइमा..."

घरी परतलेलं माणूस इथे दारात हेच म्हणतं. पाठोपाठ ओल्या वाळूचा वास आला. भूकंपात अंगणातून वर आलेल्या त्या करड्या वाळूचा.

सुप्रभा धावली. म्हातारे खुर्चीत मान टाकून बसले होते.

"हॅलवर्दी-सान?... अहो काका!"

अंग गार पडलं होतं. तिला रडूच फुटलं. माझ्या हातून गेले, माझ्याच हातून...

त्यांच्या मांडीवर वंशावळीचा कागद होता. साचिएच्या मृत्यूची तारीख खोडलेली. नवऱ्याच्या नावापुढे आजची. शाई अजून ओली होती.

आणि त्या दोघांच्या खाली, जिथे काल काहीच नव्हतं, तिथे एक रेघ ओढलेली होती. रेघेच्या टोकाला कुंकवाने लिहिलं होतं, सुप्रभा. पुढे तिची जन्मतारीख. ती तारीख तिने या घरात कधीच कुणाला सांगितली नव्हती.