पंपाकडची झडप

“समुद्रावरची माणसं! काच पाठवतात ती चिखलासकट. धुवायला आम्ही बसलोयच इथं!”

यंत्रामागे वाकून नट आवळता आवळता ती पुटपुटली. वळून बघते तर काय, पिशवी छातीशी धरून चिखलवाला स्वतःच उभा!

“चिखल समुद्राचा हो... काच तेवढी माझी.”

त्या दिवसापासून तो तिचा खलाशी झाला आणि ती त्याची गॅसबाई. त्याची काच म्हणजे समुद्रतळाच्या भेगेतून वर आलेला लाव्हा. गार पाण्यात क्षणात गोठलेला, आणि पृथ्वीच्या पोटातला हेलियम, निऑन बुडबुड्यांत कोंडून बसलेला. ती निर्वात नळकांड्यात काच फोडायची, सुटलेला वायू मोजायची. तो उगीचच शेजारी घोटाळायचा. प्रयोगशाळेत सगळ्यांना दिसत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

आज शेवटचा तुकडा. आधीच्या सगळ्यांत बाहेरची हवा शिरलेली निघाली होती. हा चांगला निघाला, तर तो किनाऱ्यावरच राहणार. नाहीतर नवी काच आणायला पुन्हा बोट... वर्षभर.

सकाळपासून चालून पंपाने नळकांडं रिकामं केलं होतं. आता पंपाकडची झडप बंद करायची, मग काच फोडायची. हे ती झोपेतही करू शकली असती.

“हात का कापतोय, गॅसबाई?”

“थंडी आहे.”

“घाम आलाय तुम्हाला.”

“मग पंखा लावा की!”

तो हसला. तिच्या केसांत अडकलेला कापसाचा धागा त्याने अलगद काढला. तिने वर पाहिलं... आणि तशीच, त्याच्याकडे बघत, काच फोडायचा दट्ट्या दाबला.

कट्!

वायू मोजणाऱ्या पडद्यावरची रेघ हललीसुद्धा नाही.

तिची नजर झडपेवर गेली. उघडी! युगानुयुगं कोंडलेला वायू पंपाने एका घोटात गिळला होता.

आवाज ऐकून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आत आल्या. त्यांनी आधी रेघ पाहिली, मग झडप. “कुणी उघडी ठेवली ही?”

“माझं कोपर लागलं,” तो चटकन म्हणाला. “मीच जातो बोटीवर. दुसरी आणतो.”

“पाच वेळा पिळावी लागते ती झडप. कोपराने पिळलीत? कमाल आहे!”

मॅडम तिच्याकडे वळल्या. गप्प राहिली असती तर निभावलं असतं. तो मात्र गेला असता, वर तिचा दोष अंगावर घेऊन.

“बंद करायची माझीच राहिली, मॅडम,” ती म्हणाली. “मी... यांच्याकडे बघत होते. हे समोर असले की मला दुसरं काही दिसत नाही. आणि नसले, की करमत नाही.”