अकराव्या खाटेची हाक

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास मास्तरीण बाबांचे धुतलेले कपडे घेऊन इस्पितळात निघाली, तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. मास्तरीण हे तिचं ऑफिसातलं नाव. ती प्रोग्रामर होती. पण दुसऱ्याच्या कोडमध्ये चूक सापडली की त्याला चारचौघांत उभं करून झापायची, म्हणून हे नाव चिकटलं. तिची चूक मात्र आजवर कोणी काढली नव्हती. चूक झालीच नाही तर काढणार कुठून, असं तिचं स्वच्छ मत होतं.

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गळ्यात नळी, त्यामुळे बोलणं बंद. जन्मभर शिलाई मशीनमागे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटणारा माणूस आता मांडीवर पाटी घेऊन बसला होता. उशाशी स्क्रीन होता आणि त्यावर चार बटणं: पाणी, दुखतंय, कूस, श्वास. बटण दाबलं की रिक्वेस्ट तळघरातल्या सर्व्हरकडे जायची, तिथून सिस्टरच्या टेबलावर. सिस्टरने तिच्याकडचं बटण दाबलं की ‘येतेय’ असा रिस्पॉन्स त्याच खाटेवर परत यायचा. ही सगळी यंत्रणा तीन वर्षांपूर्वी मास्तरणीनेच बांधली होती. हाक मारली की ओ आलीच पाहिजे आणि ज्याने मारली त्यालाच आली पाहिजे, हे ती नव्या प्रोग्रामरना पाठ करायला लावायची.

तिला पाहताच बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘काल दोनदा दुखतंय दाबलं. दोनदा येतेय आलं. माणूस एकदाही आलं नाही. मी शिंपी असून इतके खोटे वायदे केले नाहीत.’

तिला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिने सिस्टरला गाठलं.

“ताई, शपथेवर सांगते, काल तुमच्या बाबांचं, बारा नंबरचं, काहीच दिसलं नाही मला,” सिस्टर म्हणाली. “मी दोन मिनिटं ड्रेसिंगला गेले, परत आले तर टेबल कोरं.” मग तिने आवाज खाली आणला. “मागच्या वर्षी अकरा नंबरच्या आजींच्या वेळीही असंच झालं होतं. अख्खा वॉर्ड पलीकडच्या पेशंटभोवती धावत होता. आजींकडून काही आलंच नाही, असं ड्यूटीवरची सिस्टर घसा फोडून सांगत राहिली. आजी गेल्या तेव्हा स्क्रीन त्यांच्या हातात होता आणि त्यावर ‘येतेय’ लिहिलेलं. बिचारीची नोकरी गेली.”

“आणि ती खाट?”

“रिकामीच ठेवतो. स्क्रीन काढला, टेबलावरच्या यादीतूनही अकरा नंबर काढून टाकला.”

बाबांच्या शेजारची ती खाट मास्तरणीने आता नीट पाहिली. गादी गुंडाळून एका टोकाला ठेवली होती. बाकी नुसत्या लोखंडी पट्ट्या.

ती लॅपटॉप घेऊन तळघरात उतरली. सर्व्हरच्या खोलीत फिनेल आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. पंख्यांची एकसुरी घरघर चालू होती. फोनला रेंज नव्हती. दार आपोआप मागे लागलं आणि वरच्या इस्पितळाचा आवाज बंद झाला.

कोड उघडल्यावर तिला चूक शोधावी लागली नाही. तिने वापरलेली फ्रेमवर्क म्हणजे एक तयार चौकट होती. आलेली रिक्वेस्ट कोणाकडे न्यायची आणि उत्तर कुठे पोचवायचं हे ती चौकट बघायची, आणि वाटेत आपले टप्पे घालायची मोकळीक द्यायची. तसाच एक टप्पा तिथे बसला होता. तीस सेकंदांत कोणी उत्तर दिलं नाही, तर यंत्राने आपणच ‘येतेय’ पाठवायचं आणि रिक्वेस्ट पूर्ण झाली म्हणून टेबलावरून पुसून टाकायची. बड्या डॉक्टरांना पहिल्यांदा यंत्रणा दाखवताना स्क्रीन कोरा राहून फजिती होऊ नये, म्हणून हे घातलं होतं. वर तिच्याच हातची टीप होती: ‘उद्या काढणे.’

त्या उद्याला तीन वर्षं उलटली होती.

लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, तिने अकरावी खाट शोधली. मागच्या वर्षीची एक दुपार. तीन वाजल्यापासून सव्वाचारपर्यंत ‘श्वास’, ‘श्वास’, ‘श्वास’, एकूण एक्केचाळीस वेळा. प्रत्येकासमोर, बरोबर तीस सेकंदांनी, ‘येतेय’. माणसाने पाठवलेलं एकही नाही. आपण एका म्हातारीला एक्केचाळीस वेळा फसवलं, हे तिला कळलं.

तिने तो टप्पा खोडला आणि नवा कोड चालू केला. आता माणसाने उत्तर देईपर्यंत सर्व्हर थांबून राहणार होता. खोटं बोलणार नव्हता.

पहिलीच रिक्वेस्ट आली. खाट अकरा. ‘श्वास.’

“शक्यच नाही…” ती पुटपुटली. तिकडे स्क्रीनच नव्हता.

दुसरी आली. खाट अकरा. मग तिसरी. त्यांना उत्तर देणारं कोणी नव्हतं, कारण टेबलाच्या यादीत अकरा नंबरच नव्हता. सर्व्हर एका वेळी आठच रिक्वेस्ट हाती धरायचा. खिडक्या आठ आणि आठही खिडक्यांवर एकच बाई उभी, असं झालं. पंख्यांची घरघर हळूहळू खोल गेली आणि तिला वाटलं, ती आता थांबत थांबत येतेय… आत ओढल्यासारखी, बाहेर सोडल्यासारखी.

तेवढ्यात रांगेत, त्या आठांच्या मागे, नववी ओळ उमटली. खाट बारा. ‘श्वास.’

बाबा!

नळी तुंबली तर हातात फार तर चार-पाच मिनिटं असतात, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे जिने चार; त्यापेक्षा इथूनच हाक सोडवणं लवकर होईल, असं तिला वाटलं. तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो उठला आणि उठता उठता आठही खिडक्या अकराने भरल्या. बारा पुन्हा रांगेत. तिने अकराच्या रिक्वेस्टना स्वतःच्या हाताने उत्तर टाईप केलं, ‘खाट बंद आहे.’ आठ गेल्या, आठ आल्या. बाबांची ओळ तसूभर पुढे सरकली नाही. ती पुन्हा उमटली. मग पुन्हा.

“आजी, सोडा हो…” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “माझे बाबा आहेत ते…”

घरघर थांबली. खोलीत चिडीचूप झालं. जणू कोणी कान देऊन ऐकत होतं.

आजींना काय हवंय, ते तिला कळलं. यंत्राचं नव्हे, माणसाचं उत्तर. तिने टाईप केलं, ‘मी येतेय.’ बटणावर बोट क्षणभर अडखळलं. मग तिने ते दाबलं.

आठही खिडक्या एकदम रिकाम्या झाल्या. बाबांची रिक्वेस्ट निघाली आणि सहा सेकंदांत सिस्टरचं ‘येतेय’ परत आलं. पंखे पूर्वीसारखे फिरू लागले.

चार जिने ती कशी चढली, तिचं तिलाच ठाऊक. वॉर्डात पोचली तेव्हा सिस्टर हात पुसत होती.

“बरं झालं लवकर कळलं, ताई. नळी गच्च तुंबली होती. अजून दोन मिनिटं गेली असती तर…”

मास्तरणीने बाबांचे पाय धरले आणि ती लहान मुलीसारखी रडली. बाबांचा चेहरा अजून निळसर होता. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘जीव जात होता माझा. समोर असून उठली नाहीस.’

“मी तळघरात होते, बाबा.”

त्यांनी मान हलवली आणि अकराव्या खाटेकडे बोट केलं. ‘तिथे बसली होतीस. त्या बाईंनी तुझा हात धरला होता.’

“औषधाची गुंगी आहे, ताई,” सिस्टर म्हणाली; पण म्हणता म्हणता ती त्या खाटेपासून दोन पावलं बाजूला झाली.

“बाबा, इकडे बघा. मी तुमच्याजवळ आहे. हा बघा माझा हात.”

बाबांनी तिचा हात चाचपून पाहिला. तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, गुंडाळलेल्या गादीकडे बराच वेळ पाहत राहिले. पाटी त्यांनी बाहीने पुसली आणि बारीक अक्षरात, पाटी तिच्या अंगाआड लपवून, लिहिलं:

‘हळू बोल. तू अजून तिथेच बसली आहेस. आणि आता इकडे बघते आहेस.’