पांढऱ्या बोटातली अंगठी

"धुकं असलं तरी बाग पिंजून काढायचीच! चला!" कोमल ओरडली.

सकाळचे नऊ वाजले होते. भाजे गावातल्या एका बंगल्यात अकराला रिवकाच्या सॅमसनदादाचं लग्न होतं, आणि नवरीच्या बोटात घालायची अंगठी गायब होती! रिवकाच्या मदतीला गावातली कोमल आणि तिचा भाऊ सत्यम धावून आले होते.

रिवकाचे हायीमकाका मात्र निवांत होते. "माझी घ्या की! चांगली माणकाची आहे. कोणाला कळतंय?"

"काका, उसनी चालत नाही!" रिवका रडवेली झाली. "अंगठी नवऱ्याची स्वतःची हवी, साधी, बिनखड्याची. त्याशिवाय आपल्या ज्यू लोकांत लग्न लागत नाही. दादानं पहिल्या पगारातून घेतली होती हो!"

"बघा, पोरगीच आता लग्नं लावणार!" काका हसले.

बंगला सांभाळणाऱ्या बयाबाईंनी बागेत पोरांना अडवलं. "मागल्या खोलीकडं जाऊ नगा. वरीसभर बंद हाय. आज पाटं तितं उजेड चमकला अन् इझला. दोनदा!"

तिघं तिकडंच निघाली. धुक्यात पायाखालचं गवतही दिसेना. अचानक खोलीची खिडकी समोर आली आणि सत्यमनं कोमलचा हात घट्ट धरला.

काचेमागं एक पांढराफटक हात उभा होता. नुसता हात! बोटात अंगठी चमकत होती.

"भूत! पळा!" सत्यम पुटपुटला.

"थांब," रिवका काचेजवळ सरकली, "अंगठी पहिल्या बोटात आहे, अंगठ्याशेजारच्या. उजव्या हाताच्या. आमच्यात तशीच घालतात. भुताला हे कोणी सांगितलं?"

"काल तुझ्या आईला कोणीतरी हेच विचारत होतं!" कोमल म्हणाली.

"अतुल! लग्नाचा फोटोवाला! आणि तो उजेड म्हणजे फ्लॅश!" रिवका म्हणाली.

दाराची कडी नुसती लोटलेली होती. आत ओल आणि काळोख. कुठेतरी टप टप पाणी गळत होतं. रिवकानं डोळे मिटले आणि हात पुढं केला. थंडगार! प्लॅस्टरचा हात होता तो, दुकानात दागिने मांडतात तसला. तिनं अंगठी काढली आणि तिघं धूम पळाली.

मांडवात सॅमसन मान खाली घालून उभा होता. काकांची अंगठी त्याच्या तळहातावर होती.

"दादा, थांब! ही घे तुझी!"

अतुलनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! पहाटे फोटो काढायला अंगठी नेली आणि तिथंच विसरलो. विचारायचंही राहिलं!"

लग्न लावणाऱ्या गुरुजींनी काकांची अंगठी त्यांना परत दिली. "हायीम, आज पोरांनी आपल्याला मोठ्या चुकीतून सोडवलं. तुम्ही-आम्ही घाई केली, यांनी शोध घेतला. शाबास!"

काकांनी ओशाळून रिवकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तुला भ्या न्हाई वाटलं?" बयाबाईंनी विचारलं.

"लय वाटलं!" रिवका म्हणाली, आणि दादा नवरीच्या बोटात अंगठी घालत होता ते बघायला सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.