येते म्हण

गंगाखेडच्या वाचनालयात भर दुपारी पंखा कुरकुरत होता आणि अकरावीतली भक्ती एक कादंबरी अधाशासारखी वाचत होती. तिच्याच वयाच्या मुलीची गोष्ट. मुलगी शेवटी जीव देते हे मलपृष्ठावरच छापलं होतं, तरी कधी एकदा तो शेवट गाठते असं भक्तीला झालं होतं. दुसऱ्याचं दुःख वाचायची आपल्याला भारी गोडी.

त्यात समासात कुणीतरी पेन्सिलीनं त्या मुलीशीच बोलून ठेवलेलं. 'थांब की गं.' 'आईला सांग.' भक्ती छापलेलं सोडून समासच वाचत सुटली.

शेवटच्या पानावर मुलगी घरातून निघताना म्हणते, 'जाते मी.' त्यातलं 'जाते' खोडून वर लिहिलं होतं, 'येते म्हण.' भक्तीला हसू आलं. निघताना 'जाते' म्हणालं की आपल्याकडं शेजारीणसुद्धा टोकते.

तिनं पान उलटलं. कोऱ्या पानावर तेच अक्षर होतं.

'नीलम काल काय म्हणाली?'

भक्तीनं ते पुन्हा वाचलं. नीलम तिची जिवाभावाची मैत्रीण. काल वळणावर तिनं आपलं लाडकं शाईपेन भक्तीच्या हातात कोंबलं होतं आणि म्हणाली होती, "जाते." पेनाच्या खुशीत भक्तीनं ते कानाआड केलं होतं.

पुस्तक हातात तसंच धरून ती धावत सुटली.

ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. नीलमचं दार आतून बंद होतं. भक्तीनं ते दोन्ही हातांनी बडवलं. शेवटी कडी निघाली. नीलमचे डोळे सुजले होते.

"काल जाते का म्हणलीस?"

नीलम खालीच बसली. "जगावंच वाटंना गेलंय... पण तू दुपारपासून दार वाजवायलीस. येते म्हण, येते म्हण..."

"मी आत्ता आले की गं."

भक्तीनं फोन करून नीलमच्या आईला, कमलबाईंना, शेतातून बोलावून घेतलं. त्या लेकीला पोटाशी धरून परभणीच्या डॉक्टरांकडं निघाल्या. दारातून नीलम हळूच म्हणाली, "येते." भक्तीला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल प्रभावतीबाईंना दाखवायला तिनं पुस्तक उघडलं. सगळे समास कोरे. शेवटच्या पानावर फक्त एकच शब्द होता, 'येते.'

प्रभावतीबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "माझ्या लेकीचं, उत्तराचं अक्षर हे. सात वर्षं झाली तिला जाऊन... जाते म्हणली, अन् मी कामात होते. टोकलं नाही."

बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. दोघींनी वळून पाहिलं. भक्तीच्या चपलांशेजारी आणखी एक जोड होता, धुळीनं माखलेला. आत मात्र कुणीच आलं नव्हतं.